कोवळ्या वयातील प्रेमकथा

श्रोतेहो, आजचा विषय थोडा नाजूक आहे. घरी चारचौघांत काढला तर कोणी खाकरेल, कोणी उठून गोठ्याकडे जाईल, अशातला. विषय आहे चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या हाती पडणाऱ्या प्रेमकथांचा. या कथा त्यांनी वाचाव्यात की वाचू नयेत, आणि वाचल्याच तर आपण, म्हणजे आईबापांनी आणि शिक्षकांनी, काय करावे, एवढाच विचार आज करावयाचा आहे.

पूर्वी भूगोलाच्या पुस्तकात कादंबरी दडवून वाचली जाई. वाचनालयातून मोठ्या बहिणीच्या नावावर ती घरी येई आणि धाकटी ती पोटमाळ्यावर नेऊन संपवी. आता भूगोलाचे पुस्तक लागत नाही. मोबाइल आला. बंगळूरला २०१४ साली सुरू झालेल्या 'प्रतिलिपी'सारख्या ठिकाणी मराठी प्रेमकथा भागाभागाने येतात. आजचा भाग ऐन रंगात येऊन थांबतो, उद्या पुढचा. पोरगी रात्री पांघरुणात फोन धरून वाचते आणि सकाळी शाळेत पेंगते. मग शिक्षक पालकांना बोलावतात, पालक फोन हिसकावतात, आणि प्रश्न सुटला असे सगळ्यांनाच वाटते.

प्रश्न सुटलेला नसतो. तो का सुटत नाही हे समजून घ्यायचे, तर जरा मागे जावे लागेल. मराठी कादंबरीच्या जन्मापर्यंतच जाऊ या.

बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ साली निघाली. बहुतेक अभ्यासक तिला मराठीतली पहिली कादंबरी मानतात. तिचा विषय काय होता? प्रेम नव्हे. विधवांची दुःखे. त्यानंतर १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आली, आणि १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. या गोष्टींत प्रेम आहे. पण ते कुठल्या तरी कल्पनेतल्या राज्यातले, राजपुत्रांचे आणि राजकन्यांचे. आपल्या गल्लीतले, आपल्या वाड्यातले नाही.

असे का? याचे उत्तर रिसबुडांनी 'मंजुघोषे'च्या प्रस्तावनेतच देऊन ठेवले आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की आपल्याकडे लग्नाच्या चालीच अशा आहेत, की लोकांच्या आयुष्यात रंजक लिहावे असे काही सापडत नाही, आणि कादंबरीकाराची हीच मोठी अडचण आहे. मला ही तक्रार फार मोलाची वाटते. विचार करा. मुलीचे लग्न आठव्या-नवव्या वर्षी होणार. मुलगा बारा-चौदा वर्षांचा. दोघांनाही कोणी विचारणार नाही. मग प्रेमकथा लिहायची कशाची? प्रेमकथेला पहिली गोष्ट लागते ती अशी, की तिच्यातल्या माणसाला 'तुला काय हवं?' असा प्रश्न विचारता आला पाहिजे. जिथे हा प्रश्नच नाही, तिथे प्रेमकथा नाही. तिथे हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' लिहिली जाते. ही कादंबरी 'करमणूक' पत्रातून १८९० पासून येऊ लागली. बालविवाह झालेल्या आणि पुढे विधवा झालेल्या यमूची ती कहाणी. शेजारच्या घरातली वाटावी अशी ही मुलगी होती. पण तिला काय हवे, हे कोणी विचारलेच नाही.

मग आपल्याकडे प्रेमकथा आली केव्हा? मुलगी शाळेत राहू लागली तेव्हा. १९२९ साली शारदा कायदा झाला. त्याने मुलीच्या लग्नाचे वय निदान चौदा आणि मुलाचे अठरा ठरवले. कायदा पाळणारे थोडे, मोडणारे फार. पण वारे बदलले होते. शहरांतून मुली मॅट्रिक होत होत्या, कॉलेजात जात होत्या. बालपण संपले आणि संसार सुरू झाला नाही, अशी चार-सहा वर्षे प्रथमच मोकळी मिळाली. त्याच सुमारास ना. सी. फडके यांची 'जादूगार' १९२८ साली आणि 'दौलत' १९२९ साली आली. आपल्या वऱ्हाडातले पु. य. देशपांडे यांनी 'बंधनाच्या पलीकडे' ही कादंबरी १९२७ सालीच लिहून मोठी खळबळ उडवून दिली होती. तेव्हाच्या शास्त्रीबुवांना वाटले, की कादंबऱ्यांनी मुली बिघडल्या. मला उलट दिसते. मुलींना थोडे आयुष्य मोकळे मिळाले, म्हणून अशा कादंबऱ्या लिहिता आल्या आणि वाचता आल्या. किशोरवय हे शाळेने आपल्याला दिलेले वय आहे, आणि प्रेमकथा ही त्या वयाची सावली आहे. सावली नको म्हणून झाड तोडायचे काय?

दुर्दैवाने काही घरी झाडच तोडतात. मी ज्या कॉलेजात शिकवतो, तिथे काटोलकडच्या एका खेड्यातून आलेली विद्यार्थिनी होती. तिने सांगितलेली गोष्ट आहे. दहावीत असताना तिच्या दप्तरात भावाला एक प्रेमकथेचे पुस्तक सापडले. पुस्तक मैत्रिणीचे, मैत्रिणीने ते वाचनालयातून आणलेले. त्यात ना चिठ्ठी, ना कोणाचे नाव. पण घरात निष्कर्ष निघाला, की पोरगी हातची चालली. शाळा बंद झाली. महिन्याभरात एक स्थळही बघून झाले. तिचे नशीब असे, की शाळेच्या बाई घरी आल्या. बाईंनी ते पुस्तक मागून घेतले, घरी नेऊन पूर्ण वाचले, आणि दोन दिवसांनी परत येऊन बापाला म्हणाल्या, 'दादा, मी वाचलं. गोष्ट साधीच आहे. यातली पोरगी शेवटी नर्स होते. तुम्हीही ऐका.' आणि त्यांनी ती गोष्ट ओसरीवर बसून सांगितली. मुलगी पुढच्या सोमवारी शाळेत गेली.

यात बाईंनी काय केले? मुलीची बाजू घेऊन भांडल्या नाहीत. बापाला अडाणी म्हणाल्या नाहीत. त्यांनी पुस्तक वाचले, एवढेच केले. घरातल्या कोणीही ते उघडलेसुद्धा नव्हते. भीती पुस्तकाची नव्हतीच. पोरगी काही तरी स्वतःच्या मनाने ठरवील, ही भीती होती.

आणि या भीतीपायी काय होऊ शकते हे शिक्षकांना मी सांगायला नको. मुलीच्या लग्नाचे वय १९७८ च्या दुरुस्तीने अठरा झाले, मुलाचे एकवीस. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानेही तेच कायम ठेवले. आपल्या राज्यात खेड्यात बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे, दिलेली आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर आहे, त्याला पैसे पडत नाहीत. हे नंबर, हे कायदे भिंतीवर लिहिलेले असतात; परंतु पुष्कळदा लग्नाची घाई सुरू होते ती एका क्षुल्लक संशयापासून. एखादे पुस्तक, एखादा फोन, वर्गातल्या मुलाशी बोललेले दोन शब्द. म्हणून हा विषय केवळ साहित्याचा नाही. कुणाची दहावी पुरी होते आणि कुणाची होत नाही, इथपर्यंत तो जातो.

आता कोणी म्हणेल, 'प्राध्यापकसाहेब, तुम्ही सगळ्याच कथांची वकिली करता की काय?' नाही. वाईट प्रेमकथा पुष्कळ आहेत. पण वाईट म्हणजे काय, हे आपण चुकीच्या ठिकाणी शोधतो. कुठे हात धरला, कुठे चुंबन आले, तिथे आपण लाल रेघ ओढतो.

यासंबंधी एक निकाल सांगण्यासारखा आहे. चंद्रकांत काकोडकर हे एके काळचे अतिशय खपाचे कादंबरीकार. त्यांची 'श्यामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. खालच्या कोर्टात ते सुटले, पण उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६९ साली न्यायालयाने कथा वाचून पाहिली आणि ती अश्लील ठरत नाही असा निर्णय दिला. त्या निकालात कोवळ्या वयाच्या वाचकांचाही विचार आहे. न्यायालयाच्या म्हणण्याचा भावार्थ असा, की स्त्रीपुरुष-संबंधाचा नुसता उल्लेख आला म्हणून कादंबरी मुलांना वर्ज्य ठरवायची, तर मुलांना एकही कादंबरी वाचता येणार नाही. त्यांच्या हाती केवळ धर्मग्रंथ उरतील. इथेही पहा, न्यायमूर्तींनी आधी वाचले, मग ठरवले. त्या खेड्यातल्या बाईंनीही तेच केले होते.

मग लाल रेघ ओढायची कुठे? मी तीन प्रश्न सुचवतो. कोणतीही प्रेमकथा घ्या, छापलेली असो की फोनवरची, तिला हे तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : या गोष्टीत दोघांनाही विचारलेले आहे काय? फोनवरच्या कितीतरी कथांत एक ठरावीक साचा दिसतो. नायक मोठ्या कंपनीचा मालक, रागीट, अबोल. नायिका गरीब, सोशिक. तो तिच्यावर ओरडतो, तिला कोंडतो, ती दुसऱ्या कोणाशी बोलली तर त्याच्या कपाळाची शीर उठते. आणि लेखिका सांगते, की हेच त्याचे प्रेम! आपल्या गावात असा नवरा असता तर त्याला आपण काय म्हटले असते? संशयी म्हटले असते. पण कथेत तो देखणा आहे, त्याच्याकडे गाडी आहे, म्हणून पंधरा वर्षांच्या मुलीला तो हवासा वाटतो. इथे तिला थांबवून विचारायला हवे, 'अगं, यात तिला काय हवं होतं, हे कुठल्या पानावर लिहिलंय?'

दुसरा प्रश्न : नकाराचे पुढे काय होते? मुलगी 'नाही' म्हणते, आणि नायक सायकलवरून, मोटारसायकलवरून तिच्या मागे फिरतो. शंभर पानांनी ती 'हो' म्हणते. ही गोष्ट वाचून आणि पडद्यावर पाहून आपली मुले शिकतात काय, तर 'नाही' म्हणजे 'थोडं थांब'. या शिकवणीची किंमत कोण देते? शाळेच्या रस्त्यावर ज्या मुलीच्या मागे पोरे लागतात, ती देते. बाप म्हणतो, 'उद्यापासून जाऊ नको.' शाळा सुटते तिची, त्या पोरांची सुटत नाही. म्हणून हा प्रश्न मुलांना, म्हणजे मुलग्यांना, आधी विचारला पाहिजे. प्रेमकथा काय फक्त मुलीच वाचतात? मुलगे त्या सिनेमात पाहतात, गाण्यात ऐकतात. त्यांना हेही स्पष्ट सांगितले पाहिजे, की अठरा वर्षांखालच्या मुलीची संमती २०१२ च्या पॉक्सो कायद्यात धरली जात नाही. मनात प्रेम असणे हा गुन्हा नाही. पण त्या वयात पुढे पाऊल टाकले तर मुलाचे आयुष्य कोर्टकचेरीत जाऊ शकते. हे घाबरवण्यासाठी नव्हे, माहीत असावे म्हणून सांगावयाचे.

तिसरा प्रश्न : ही माणसे खातात काय, आणि लग्नानंतरचे पान कुठे आहे? फडक्यांच्या नायक-नायिकांवर जुन्या टीकाकारांचा आक्षेपच हा होता, की बंगला, बाग, चहा आणि टेनिस यांच्या पलीकडे त्यांना जग नाही. आजच्या कथेत टेनिसच्या जागी परदेशची ट्रिप आली, इतकाच फरक. पिकाला भाव नाही, बापावर कर्ज आहे, घरात एकच खोली आहे, असे काही तिथे नसतेच. आणि जात तर कधीच नसते. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' या चित्रपटाने २०१६ साली अख्खा महाराष्ट्र नाचवला आणि शेवटच्या दहा मिनिटांत गप्प केला, तो याच कारणाने. इतर गोष्टी जिथे संपतात तिथून पुढे त्याने चालत जाऊन दाखवले. गाणी मुलांच्या तोंडी राहिली. तो शेवट मात्र आपण त्यांच्याशी बोललो का?

या तीन प्रश्नांना उतरणारी पुस्तके मराठीत आहेत, आणि ती रुक्ष नाहीत. मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही कादंबरी २००४ साली आली. आणीबाणीच्या काळातली नववीची शाळा, आणि मुकुंद जोशी नावाचा मुलगा. वर्गातली शिरोडकर त्याला आवडते, पण आवडते म्हणजे काय करायचे, हेच त्याला कळत नाही. सबंध पुस्तक या गोंधळाचे आहे. मला त्यात सर्वांत मोलाचा माणूस वाटतो तो मुकुंदाचा नरूमामा. मुकुंद त्याच्याशी या विषयावर बोलू शकतो. मामा हसत नाही, मारत नाही, घरी सांगत नाही. शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, प्रत्येक वर्गातल्या मुलाला असा एक नरूमामा लागतो. नसला, तर तो त्याची जागा फोनने भरून काढतो.

मोठ्या मुलांसाठी आपल्या विदर्भातलेच एक पुस्तक सुचवतो. ते कादंबरी नाही, खरी पत्रे आहेत. कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, मूर्तिजापूरचे. आणि कुसुम जयवंत अमरावतीच्या. विद्यार्थिदशेत दोघांची ओळख झाली, आणि पुढे वर्षानुवर्षे पत्रे चालली. लग्न झाले १९२९ साली. ही पत्रे १९७२ साली 'कुसुमानिल' या नावाने प्रसिद्ध झाली. त्यांत हुरहूर आहे, रुसवा आहे, सगळे आहे. पण त्याबरोबर वाचलेल्या पुस्तकांची चर्चा आहे, अभ्यास आहे, आणि मुख्य म्हणजे थांबणे आहे. कुसुमताई या काळात शिकत राहिल्या. पुढे नागपूरला त्यांनी वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवले, 'मराठी कादंबरी : पहिले शतक' हा आधारभूत ग्रंथ लिहिला, आणि १९६१ साली साहित्य संमेलनाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. आमच्या मुलींना मी हे मुद्दाम सांगतो. प्रेमाने बाईचे शिक्षण बुडतेच असे नाही. दोघांनी एकमेकांना विचारले, तर ते वाढतेही.

आणि लग्नानंतरचे पान ज्यांना वाचायचे असेल त्यांनी वाशीमला जन्मलेल्या गीता साने यांच्या कादंबऱ्या शोधाव्यात. १९३६ च्या आसपासच्या या कादंबऱ्या शिकलेल्या बाईच्या संसाराचे प्रश्न कोणाचीही भीड न धरता मांडतात.

आता प्रत्यक्ष करावयाचे काय, ते सांगतो. खर्चाचे यात काही नाही.

आपल्या राज्यात १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली गावोगावी सार्वजनिक वाचनालये चालतात. जवळच्या वाचनालयाच्या कार्यवाहांना भेटा. चौदा ते अठरा वयाच्या वाचकांसाठी एक वेगळे कपाट, कपाट नसले तर एक फळी, मागा. त्या फळीवर साहसकथा, चरित्रे, विज्ञानकथा असाव्यात, आणि त्यांच्या शेजारी उघडपणे दोन-चार चांगल्या प्रेमकथाही असाव्यात. उघडपणे हा शब्द महत्त्वाचा. जे फळीवर मिळते ते पांघरुणात न्यावे लागत नाही. पुस्तक मुलीच्या स्वतःच्या नावावर द्या, भावाच्या नव्हे.

शिक्षकांनी पंधरवड्यातून एक तास काढावा. एक गोष्ट वाचावी आणि हे तीन प्रश्न फळ्यावर लिहावेत. उत्तरे मुलांनाच देऊ द्यावीत. पहिल्या तासाला ती खुसुखुसू हसतील. हसू द्या. दुसऱ्या तासाला कोणीतरी मागच्या बाकावरून म्हणेल, 'सर, तो तिच्या मागं फिरतो ते काही बरोबर नाही.' त्या एका वाक्यासाठी हा सगळा खटाटोप. ते वाक्य तुम्ही म्हटले तर उपदेश होतो, आणि त्याने म्हटले तर ते त्याचे होते.

आईबापांना एकच सांगणे आहे. मुलीच्या हाती पुस्तक दिसले, तर हिसकावण्याआधी विचारा, 'काय गोष्ट आहे गं यात?' वाचता येत असेल तर वाचा, येत नसेल तर तिच्याकडून ऐका. निंदण झाले, जेवणे आटोपली, की ओसरीवर पाच मिनिटे निघतात. ती सांगू लागली म्हणजे तुम्हाला गोष्ट कळेलच. शिवाय तिच्या मनात काय चालले आहे तेही थोडे कळेल. जी मुलगी घरी गोष्ट सांगू शकते, ती उद्या रस्त्यावर कोणी त्रास दिला तर तेही घरी सांगू शकते. पुस्तक हिसकावले, तर हे दोन्ही दरवाजे एकदम लागतात.

रिसबुडांची तक्रार आता जुनी झाली. आपल्या मुलामुलींच्या आयुष्यात लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, कारण त्यांना विचारावे लागते, हे कायद्याने तरी मान्य केले आहे. कायद्याने मान्य केलेले घराने मान्य करावयाचे राहिले आहे. त्याची सुरुवात एखाद्या साध्या गोष्टीच्या पुस्तकापासून करता येईल. ते पुस्तक आधी आपण वाचावे, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.